बिनतोंडाचं डालगं

“चेंडू आम्ही करत न्हाई,” आई म्हणाली. “सूप हाय, दुरडी हाय, डालगं हाय. चेंडू बाजारात बघा.”

दारातल्या बाई हलल्या नाहीत. पस्तिशीच्या असतील. फिकट निळी सुती साडी, खांद्याला झोळी, आणि टेकडीवरून उन्हात चालत आल्यामुळं नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा. त्यांनी झोळीतून एक पातळ कागद काढून आईपुढं धरला. आई भिंतीला टेकून मिसरी लावत बसली होती. तिनं तोंडातलं बोट काढलं नाही. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. कागद कोरा काय, लिहिलेला काय, तिला सारखाच.

“शालन, बघ गं काय दावत्यात.”

मी कोयती खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि कागद घेतला. पेनानं काढलेलं चित्र होतं. गोल जाळी. बरीचशी घरं सहा कोनांची, मधूनमधून एखादं पाच कोनांचं. कोंबड्या झाकायचं डालगं आम्ही विणतो, अगदी तसंच. फरक एकच. डालग्याला खाली तोंड असतं. ह्याला कुठंच नव्हतं.

“डालगंच हाय की आये,” मी म्हणाले. “पण बिनतोंडाचं.”

“मग कोंबडी आत जायची कुठनं?”

“आत कुणी जायचं नाही,” बाई म्हणाल्या. “आतून रिकामंच असतं ते.” मग जरा थांबून, “मी निंबकर. टेकडीवरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते.”

आईचं बोट तोंडातच थांबलं.

“तिथं आमचा उत्तम हुता.”

“हो. माझ्याच वर्गात.”

समोरच्या घरात कुणीतरी बांबू फोडत होतं. आधी कोयतीचा घाव, आणि मग बांबू लांबवर चिरत गेल्याचा आवाज.

ह्या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि माझं शिक्षण सातवी होतं. शिक्षण अजूनही सातवीच आहे. वाचन तेवढं हाताबाहेर गेलंय. उत्तम माझा भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. बुरूड गल्लीतून कॉलेजात गेलेला पहिला. बाप गेल्यावर आईला हाताखाली माणूस पाहिजे झालं, तेव्हा शाळा मी सोडली. त्यात माझा त्याग वगैरे काही नव्हता. मला गणिताची भीती वाटायची. उत्तम तेव्हा दुसरीत होता आणि माझी गणितं सोडवून द्यायचा.

मॅडम आल्या त्याच्या चौदा महिने आधी, मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी, तो आमच्या बुरूड-कार्डावर सवलतीत मिळणारा बांबू आणायला वनखात्याच्या डेपोत गेला. परत येताना पुलाच्या अलीकडच्या वळणावर टेंपो कलंडला. उत्तम वर, बांबूच्या भाऱ्यावर बसलेला होता. ड्रायव्हरच्या कोपराला खरचटलं. उत्तम एकोणीस वर्षांचा होता.

त्या दिवसापासून आईनं बांबूला हात लावला नव्हता. झोपेतसुद्धा जिची बोटं विणल्यासारखी हलायची ती बाई दिवसभर भिंतीला टेकून बसायची. मिसरीची डबी दोन दिवस पुरेना. घर माझ्या पाट्यांवर आणि दुरड्यांवर चाललं होतं. माझं काम बरं होतं, चालून जायचं. आईचं काम बघायला लोक थांबायचे.

आणि एक गोष्ट अशी होती, जी मला ठाऊक होती आणि माझ्या समजुतीप्रमाणं आईला नव्हती. त्या मंगळवारी डेपोत जायची पाळी माझी होती. पोटात दुखतंय म्हणून मी अंथरुणात पडून राहिले. दुखत काही नव्हतं. शेजारच्या सरूच्या लग्नाचा चुडा भरायला त्या दिवशी कासार येणार होता, आणि मला हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. उत्तम सकाळी बाहेर गेलेला, नऊच्या सुमारास परत आला, मला बघितलं आणि म्हणाला, “पड तू. मी जातो.”

चौदा महिने मी हे आईला सांगायला तोंड उघडायचे आणि विचारायचे, “चहा टाकू का?”

निंबकर मॅडमना कॉलेजातल्या विज्ञान प्रदर्शनासाठी तो गोळा हवा होता, शनिवारपर्यंत. त्या आल्या तो सोमवार. पुठ्ठ्याचा करून बघितला, तो बसका झाला. काड्यांचा आणि मातीच्या गोळ्यांचा केला, तो उचलल्यावर सुटला.

“पण हे आहे काय?” मी विचारलं.

“कार्बन. म्हणजे कोळशात असतो तो. पेन्सिलीच्या शिशात असतो, दिव्याच्या काजळीत असतो. काजळीतच हा गोळा सापडला. इतका लहान की डोळ्यांना कधी दिसायचा नाही.”

“जे दिसायचंच न्हाई त्येचं प्रदर्शन?” भिंतीकडून आवाज आला.

मॅडम हसल्या आणि ओट्यावर बसल्या. सुपाच्या ढिगाशेजारी, सरळ जमिनीवर. आमच्याकडं येणारी पांढरपेशी गिऱ्हाइकं उभ्यानं बोलून जायची, म्हणून मला ते लक्षात राहिलं.

“कार्बनच्या प्रत्येक अणूला चार हात असतात असं समजा,” त्या म्हणाल्या. “ह्या गोळ्यात असे साठ अणू. प्रत्येकानं शेजारच्या तिघांना धरलंय.”

“आणि चौथा हात?”

“तिघांपैकी एकाला दोन हातांनी धरायचं.”

“कुणाला, ते कसं ठरतं?”

“चांगलं विचारलंत. सहाची दोन घरं जिथं एकमेकांना लागतात, तिथली कड दुहेरी. जरा आखूड, घट्ट. पाचाच्या घराच्या कडा सगळ्या एकेरी, जरा लांब.” त्यांनी वर टांगलेलं एक डालगं काढून मांडीवर घेतलं आणि त्याच्या जाळीत बोट घातलं. “आणि हे बघा, तुमचे अणू इथंच आहेत. बांबूच्या तीन कांबी एकमेकींना अडवतात तिथं हा बारका तिकोन होतो ना, तो एक अणू. त्याचे तीन कोपरे म्हणजे तीन शेजारी. कांबीवर कांब पडते, तो बंध.”

मी जन्मभर ते तिकोन विणत आले होते. त्यांच्याकडं मी कधी बघितलं नव्हतं. आम्ही घरं बघायचो, तिकोन आपोआप पडायचे.

“पेन्सिलीच्या शिशात मात्र सगळी सहाचीच घरं,” मॅडम सांगत होत्या. “म्हणून त्याचे सपाट थर...”

“सहानं पसरतंच,” आई म्हणाली.

आम्ही दोघींनी मान वळवली. आई आमच्याकडं बघत नव्हती. ती गल्लीकडं तोंड करून बोलत होती.

“सहाचं घर जमिनीसारखं. हितनं कृष्णंच्या घाटापतोर विणत जावा, वळणार न्हाई. वळवायचं तर एक कांब गाळायची. पाचाचं घर पडलं की जाळी उठती.”

मॅडमनी चष्मा वर सारला. “डालग्याला पाचाची घरं किती घालता, मावशी?”

“सहा.”

“ह्याला बारा आहेत. गोळा केवढाही मोठा करा, सहाची घरं वाढतील, पाचाची बाराच. त्याशिवाय मिटत नाही.”

“म्हंजे दोन डालगी,” आई म्हणाली. “तोंडाला तोंड लावून.” आणि जरा वेळानं, “नाव काय म्हनलं ह्येचं?”

“बकमिन्स्टरफुलरीन.”

“न्हाई बाई. असल्या नावाला कोन पोरगी देनार?”

चौदा महिन्यांत आईनं केलेली ती पहिली थट्टा. मी हसायच्या ऐवजी कोयती उचलून उगाच एक बांबू फोडला.

मंगळवारी मी कांबी काढल्या. हिरव्या बांबूच्या, पाठीकडच्या, सगळ्या एका जाडीच्या. मॅडम सांगून गेल्या होत्या की दहा कांबी लागतील आणि प्रत्येक कांब गोल फिरून स्वतःला येऊन मिळेल; वाटेत ती बाकीच्या नऊजणींना दोन-दोनदा भेटेल. मी म्हटलं, नणदा-जावांतसुद्धा एवढी भेट होत नाही.

पहिलं घर पाचाचं घातलं. त्याच्या एका तिकोनाला काळा दोरा बांधला. ही आईची शिकवण: सुरुवातीला खूण करायची, म्हणजे पुढं चुकलं तर कुठवर उसवायचं ते कळतं. पाचाभोवती पाच सहाची घरं घातली. जाळी छान उठली, परडीसारखी. मग पुढच्या फेरीला एक कांब मोडली.

दुसरी घातली, तीही मोडली. कांबी पाण्यात भिजवून घेतल्या, पातळ केल्या. बुधवारी पुन्हा मुळापासून, नवा काळा दोरा बांधून सुरू केलं. गुरुवारी सकाळी तिसऱ्यांदा तोच आवाज आला, वाळकं हाड मोडल्यासारखा, आणि मी ते अर्धं विणकाम भिरकावून दिलं. ते जाऊन आईच्या पायाशी पडलं.

“मोडू दे,” मी म्हणाले. “न्हाई जमत मला. बाईंना सांगते, पुठ्ठ्याचंच करा.”

मी चुलीकडं तोंड करून बसले. बऱ्याच वेळानं मागून तिचा आवाज आला.

“दोन पाच शेजारी घातलीस.”

मी वळले. तिनं ते मांडीवर घेतलं होतं. डोळे मिटलेले, आणि मिसरीचं काळं बोट मोडलेल्या जागेवरून हळूहळू फिरत होतं.

“डालग्याला घालतोच की आपन,” मी म्हणाले. “खांद्याला. पटकन वळावं म्हनून.”

“डालग्याला तोंड असतं. कांबीला लई ताण पडला तर ती खालनं सरकून सुटती, मोकळी हुती. ह्याला तोंडच न्हाई. ताण जायचा कुठं?” तिचं बोट दोन पाचांच्या मधल्या कडेवर थांबलं. “ही दोन घरं तू चिकटून बशिवलीस. समदा वाक ह्या एकट्या कांबीवर आला. मोडंल न्हाईतर काय हुईल? पाचाला पाच भेटू द्यायचं न्हाई. मधी सहा घालायचं. एक कांब इतकीच वाकावी, दुसरीबी तितकीच. मग कुनीच मोडत न्हाई.”

मी जवळ सरकले.

“पानी आण,” आई म्हणाली. “कांबी वाळल्यात.”

मी तांब्या भरून आणला. आईनं बोटं तांब्यात बुडवली, मिसरी धुतली, लुगड्याला पुसली आणि माझं विणकाम त्या काळ्या दोऱ्यापर्यंत उसवत नेलं. मग विणायला लागली.

तिला दिसत नव्हतं आणि त्याची काही अडचणही होत नव्हती. डावा अंगठा घर मोजायचा, उजव्या हाताची बोटं कांब वर-खाली घालायची. सहा, आणि त्याच्याभोवती एकाआड एक पाच, सहा, पाच, सहा. मी कांबी भिजवून हातात देत होते. आम्ही अशा बसायचो तेव्हा उत्तम मधे अभ्यासाला बसायचा आणि म्हणायचा, तुमच्या दोघींच्या आवाजात माझं पाठांतर चांगलं होतं. आमचा आवाज म्हणजे कांबींचा. बोलत आम्ही क्वचितच असायचो.

“त्यो हेच शिकत हुता?” आईनं विचारलं.

“हां. असलंच कायतरी.”

“मग मला सांगायचं हुतं की.”

तिच्या बोटांखाली एक घर मिटलं, दुसरं उघडलं. सांगायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलं.

“चहा टाकू का?” मी म्हणाले.

“टाक,” आई म्हणाली.

शुक्रवारी दुपारी मॅडम आल्या तेव्हा गोळा जवळजवळ झाला होता. कलिंगडाएवढा. नऊ कांबी आपापल्या टोकांना मिळालेल्या, दहावीचं एक टोक तेवढं बाहेर राहिलेलं. आईनं टोकं अशी दडवली होती की जोड कुठं आहे ते माझ्या डोळ्यांना दिसेना.

मॅडम चप्पल काढायला विसरल्या. गोळा हातात घेऊन ओट्यावर बसल्या आणि मोजायला लागल्या. बारा पाच. वीस सहा. दोनदा मोजलं.

“पाचाला पाच कुठंच लागलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “हे मी तुम्हाला सांगायला विसरले होते. सोमवारी घरी गेल्यावर आठवलं. मावशी, तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

“कांबीनं.”

“आमच्या लोकांना हे ठरवायला किती डोकेफोड करावी लागली. दोन वर्षांपूर्वी तिघांना एवढं मोठं बक्षीस मिळालं ह्या गोळ्याबद्दल.”

“मग गल्लीत यायचं की. आमी काय समुद्रापल्याड ऱ्हातुया?”

आता दुहेरी बंध दाखवायचे राहिले होते. मॅडमनी लाल दोरा आणला होता. सहाची दोन घरं जिथं एकमेकांना लागतात तिथं कांबीवर कांब पडते, त्या जागी एक लाल गाठ. अशा तीस गाठी. आम्ही तिघी ओट्यावर गोळ्याभोवती बसलो आणि बांधायला लागलो. आई चाचपून जागा सांगायची, मॅडम दोरा गुंडाळायच्या, मी गाठ मारून दातानं तोडायची. मॅडमना गाठ मारता येत नव्हती. शिकलेल्या माणसाला अगदीच साध्या गोष्टी येत नसतात, ह्याचं तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटेत तो काळा दोरा आला, तो चुकून राहिलाय समजून मॅडमनी सोडून टाकला. मी बघितलं, पण बोलले नाही. आता कुठं उसवायचं होतं?

तिसावी गाठ बसल्यावर आईनं सगळीकडून हात फिरवला. “परत्येक तिकोनाला एकच गाठ. एकबी मोकळा न्हाई, एकाला दोन न्हाईत. बराबर?”

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या. आणि नंतर, त्याच आवाजात, गोळ्याकडंच बघत, “मावशी, उत्तम त्या दिवशी प्रॅक्टिकलला आला होता.”

आईचा हात गोळ्यावर होता. तो तिथंच राहिला.

“मंगळवारी. सकाळी साडेआठला. मी जर्नल तपासत होते. त्याचं अपुरं होतं. प्रयोगाची निरीक्षणं लिहायची तिथं त्यानं दोन पानं भरून चित्र काढलं होतं. मी चिडले. सगळ्यांसमोर म्हणाले, ही चित्रकलेची वही आहे का? बाहेर हो. जर्नल माझ्याकडं राहील. पुढच्या मंगळवारी आईला घेऊन ये, तेव्हा मिळेल.” त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “प्रॅक्टिकल बारापर्यंत असतं. मी त्याला बाहेर काढलं नसतं तर तो बारापर्यंत माझ्यासमोर असता. डेपोत गेलाच नसता. मला संध्याकाळी कळलं. तेव्हापासून तीनदा मी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलेय. प्रदर्शन आहे, ते खोटं नाही. पण मी प्रदर्शनासाठी आले नव्हते.”

झोळीतून त्यांनी एक जाड वही काढली. तपकिरी कव्हर घातलेली. कव्हर घालायला खळ मी शिजवून दिली होती, हे मला तो कागद बघताक्षणी आठवलं.

“तुम्हाला दाखवलं ते चित्र माझं नव्हतं. मी ह्याच्यावरून उतरवून घेतलं.”

पान उघडून त्यांनी वही माझ्या हातात दिली. तीच जाळी, पण पेन्सिलीनं, खोडून खोडून काढलेली. खाली उत्तमचं अक्षर. डावीकडं कलणारं, घाईतलं.

“वाच,” आई म्हणाली.

“‘सी-साठ,’” मी वाचलं. “‘हे म्हणजे आईचं डालगं. आईला विचारायचं, बिनतोंडाचं जमेल का?’”

समोरच्या घरात बांबू फोडायचं काम थांबलं होतं. मॅडम उठायला लागल्या. तेव्हा आई बोलली.

“वर बस म्हनून मी सांगितलं हुतं.”

“आये?”

“डायवर नाक्यावर गाडी थांबवतो. मानसं चांगलं चांगलं बांबू वढून काढत्यात. मी म्हनलं, केबिनीत बसू नगंस, वर भाऱ्यावर बसून ये, नजर ठेव. त्यो म्हनला, थंडी वाजती गं वर. मी म्हनलं, मंग घोंगडं घे.” तिचा अंगठा एका पाचाच्या घराभोवती गोल फिरत होता. “घोंगडं घिऊन गेला. आत बसला असता तर कोपर खरचटलं असतं. तेवढंच.”

ते घोंगडं घरी परत आलं होतं. आई चौदा महिने ते उशाला घेत होती. मला वाटायचं, त्याचं म्हणून घेते.

आता मी राहिले होते. चहा टाकू का, हे शब्द जिभेवर तयार होते. चूल पाठीमागंच होती.

“पाळी माझी हुती, आये,” मी म्हणाले. “माझं पोट दुखत नव्हतं. मला बांगड्या भरायच्या हुत्या. सरूकडं कासार यायचा हुता, म्हनून मी...”

“म्हाईत हाय.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“त्याला घरी आनला, तवा तू पान्याची घागर घिऊन आलीस,” आई म्हणाली. “हातभर बांगड्या वाजत हुत्या. डोळ्यांना दिसत न्हाई मला, कानांना काय झालंय? दुसऱ्या दिवसापास्नं वाजल्या न्हाईत. त्यो आवाज कुठं गेला, मला कळत नसंल?”

त्या बांगड्या मी त्याच रात्री दगडावर फोडल्या होत्या. परसात, सगळे निजल्यावर. माझ्या मनगटांकडं कुणाचं लक्ष नाही, अशी माझी समजूत होती. मॅडमनी माझ्या मोकळ्या मनगटांकडं बघितलं आणि नजर वळवली.

मी वाट बघत होते. ती काही म्हणेल. मारेल, शिव्या देईल, जवळ घेईल, यातलं काहीतरी. तिनं हात पुढं केला.

“राहिलेली कांब दे. बाईंना उशीर हुतोय.”

मी बाहेर राहिलेलं टोक भिजवून तिच्या बोटांत दिलं. एका माणसाचं ते काम नव्हतं. गोळा मिटताना घट्ट होत जातो आणि उसळून हातातून सुटायला बघतो. आई म्हणाली, “धरा.” मॅडमनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. आईनं टोक वर घेतलं, खाली घातलं, वर घेतलं. शेवटच्या दोन घरांना ती थांबून श्वास घेत होती. मग टोक आत दडलं आणि गोळ्यानं आपोआप अंग धरलं. आम्ही हात काढले. काही सुटलं नाही.

मॅडमनी तो अलगद उचलून उन्हात धरला. साठ तिकोन, तीस लाल गाठी. खाली ओट्यावर त्याची सावली पडली, तीही जाळीची.

“सुरुवात कुठून केली होती?” त्यांनी विचारलं. सहज विचारावं तसं.

“काळा दोरा बघा की,” आई म्हणाली.

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. “तो... मी मघाशी सोडला.”

“आना हिकडं.”

आईनं गोळा मांडीवर घेतला. डोळे मिटले. तिच्या हातचं काम तिला अंधारात ओळखता यायचं. गल्लीत पैज लागायची, दहा सुपांतून ती आपलं सूप काढायची आणि ते कुठून सुरू केलं तेही सांगायची. तिची बोटं एका तिकोनावरून दुसऱ्यावर गेली. थांबली. मागं आली. पुन्हा पुढं गेली. पाच, सहा, सहा, पाच. गोळा फिरवून तिनं पलीकडून चाचपलं. कितीतरी वेळ ती चाचपत होती. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, आणि मिटलेल्या पापण्यांखालून पाणी येऊन हनुवटीपर्यंत गेलं होतं, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

“न्हाई घावत,” ती शेवटी म्हणाली. “समदं सारखंच लागतंय.”

तिनं गोळा माझ्याकडं दिला. सुरुवात तर मीच केली होती, मीही शोधलं. मग मी तो मॅडमना दिला. त्या चष्मा पुसून पहिल्या पाचापासून मोजायला लागल्या, आणि पहिलं कुठलं ते कळेना म्हणून थांबल्या, आणि त्यांनी तो पुन्हा आईच्या ओंजळीत ठेवला.